रंगनाथरावांच्या कॅमेऱ्याची जन्मतारीख

त्या रविवारी मी कमी बोलायचं ठरवलं होतं. खरं म्हणजे श्यामलाने ठरवलं होतं, मी फक्त मान डोलावली होती. (आमच्या घरातले बहुतेक ठराव असेच एकमताने मंजूर होतात.)

आमच्या स्वरालीचं लग्न ठरवायला केयूरच्या घरचे येणार होते. 'ठरवायला' म्हणायचं आपलं. दोघंही खराडीला एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या टेबलांवर. त्यांचं कॅन्टीनमध्ये केव्हाच ठरलं होतं. आम्हा मोठ्यांकडे फक्त ते बिघडवण्याचं काम उरलं होतं.

"हे बघा," श्यामला अळूवड्या तळता तळता म्हणाली, "राजकारण नको, पेठा आणि उपनगरं नको, हल्लीची मुलं नको, आणि तुमच्या ऑफिसातलं तर मुळीच नको."

"मग बोलू काय?"

"बोललंच पाहिजे असं काही नाही."

मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात कारकून आहे. तिथल्या गोष्टी पाहुण्यांपुढे वाढू नयेत हे मलाही पटतं. पण मुलीचा बाप अगदीच गप्प बसला तर समोरच्यांना वाटतं, ही मंडळी काहीतरी लपवतायत. म्हणून मी मनाशी म्हटलं, एखादा साधा, निरुपद्रवी विषय निघाला तर तेवढ्यापुरतंच बोलू.

तो विषय रंगनाथरावांच्या गळ्यात लटकत आमच्या नारायण पेठेतल्या फ्लॅटचा जिना चढून आला.

रंगनाथराव म्हणजे केयूरचे वडील. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ताठ बसणारे, मोजकं बोलणारे, आणि तेवढ्यात समोरच्याला गार करणारे. केयूरची आई काही वर्षांपूर्वी गेली. घरात हे दोघे आणि रंगनाथरावांची आई, मथुराबाई. त्या दिवशी बापलेक दोघेच आले होते. साल दोन हजार बाराचं. अख्खं पुणं मोबाइलवर फोटो काढायला लागलेलं, आणि यांच्या गळ्यात कातडी पट्ट्याचा फिल्मचा कॅमेरा.

"वा! फिल्मचा कॅमेरा!" मी कौतुकाने म्हणालो. (मला खरंच कौतुक करायचं होतं.) "छान जपलाय. आता कुठे मिळायचा? याचे कारखाने बंद होऊन जमाना झाला."

रंगनाथरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "बंद झाले?"

"केव्हाच."

"तुम्हाला कळवलं का त्यांनी?"

इथे मी थांबायला हवं होतं. श्यामलाने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे केले होते. पण मी पडलो नोंदणीवाला. एखादा गेलाय असं मी म्हणायचं आणि समोरच्याने तो जिवंत आहे म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

"अहो, पेपरात आलं होतं. एकेक कंपनी बंद करत गेली."

"काही कंपन्यांनी बंद केले. सगळ्यांनी नाही. हा कॅमेरा गेल्या वर्षी तयार झालाय. जपानात. माझ्या भाचीने तिथल्या दुकानातून नवाकोरा आणला."

"गेल्या वर्षी विकला असेल हो," मी हसून म्हणालो, "तयार कधीचा झाला असेल कोण जाणे. जुना माल, नवं खोकं. भाचीला फसवलं कुणीतरी."

रंगनाथरावांनी हातातली अर्धी अळूवडी बशीत परत ठेवली. ज्यांनी श्यामलाच्या अळूवड्या खाल्ल्या आहेत त्यांना यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळेल.

त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि कॅमेरा टीपॉयवर, माझ्यासमोर ठेवला.

"राहू दे तुमच्याकडे. तुम्ही नोंदणीतले. जन्मतारीख शोधा. सापडली की या, मग पुढचं बोलू."

"बाबा!" केयूर आणि स्वराली एकाच वेळी म्हणाले. दोघांनी आपापल्या बापाला उद्देशून म्हटलं, पण दोन्ही हाका मलाच लागल्या.

ती मंडळी उठली. श्यामला त्यांची समजूत घालत खाली गेटपर्यंत गेली. मी रागाने घरातच बसून राहिलो. ती परत आली ती तोंड शिवूनच. आमच्या घरात भांडण होत नाही, अबोला होतो. भांडण परवडलं. भांडणात निदान बातम्या तरी कळतात.

सोमवारी सकाळी स्वराली डबा न घेताच कंपनीच्या बसला गेली. दारातून एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला जगात दुसरा विषय मिळाला नाही?" मी रजा टाकली आणि भिंग घेऊन कॅमेऱ्यासमोर बसलो.

तळाशी नंबर होता, तारीख नव्हती. कॅमेऱ्याच्या काचेभोवतीची अक्षरं वाचली, तिथेही नाही. मग विचार केला, आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची तारीख कुठे सापडली होती? मागचं झाकण काढल्यावर. झालं! कडेचा एक खटका वर ओढला आणि झाकण टुणकन उघडलं.

आत नीट दिसेना म्हणून कॅमेरा खिडकीशी नेला. छान ऊन पडलं होतं. आत करड्या रंगाची गुळगुळीत पट्टी ताणून बसवलेली दिसली. मला वाटलं, नव्या वस्तूवर कागद चिकटवलेला असतो तसलं काहीतरी असेल. तारीख याच्याखाली असणार. मी बोटाने ती पट्टी हळूच बाजूला सरकवत होतो, तेवढ्यात मागे कपबशी फुटली.

"अहो!" श्यामलाचा अबोला सुटला. "अहो, काय केलंत हे! आत त्यांच्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो आहेत!"

मी झाकण धाडकन लावलं. (चोरी झाल्यावर कुलूप लावतात तसं.)

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं, खाली गेटपाशी. म्हणाले, आत फिल्म आहे, झाकण उघडू देऊ नका."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मी बोलत नव्हते ना तुमच्याशी!"

दोघेही त्या बंद कॅमेऱ्याकडे बघत उभे राहिलो. मग तिने हळूहळू उरलेलं सांगितलं. मथुराबाईंच्या हजार पौर्णिमा पुऱ्या झाल्या म्हणून गेल्याच आठवड्यात घरी समारंभ झाला होता. 'कुणीही मोबाइल बाहेर काढायचा नाही, फोटो मी काढणार,' असं रंगनाथरावांनी सगळ्या नातेवाइकांना बजावलं होतं. आणि त्यांना सांगितल्यावर मोबाइल काढायची हिंमत कोणाची? म्हणजे त्या समारंभाचा जगातला एकमेव पुरावा या डबीत होता, आणि मी त्याला ऊन दाखवलं होतं.

मी कॅमेरा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत पळालो. उत्तरेश्वर माझ्या ओळखीचा. कपाटात मोबाइलची कव्हरं मांडून तो पासपोर्टचे फोटो कापत बसला होता.

"फिल्म?" तो मान वर न करता म्हणाला. "काका, कुठल्या जमान्यात आहात? ते सगळं बंद झालं केव्हाच. कारखानेसुद्धा बंद झाले."

अख्ख्या पुण्यात माझ्याशी सहमत असलेला एकमेव माणूस मला भेटला होता, आणि मला त्याच्या दुकानात रडू फुटायच्या बेतात होतं.

घरी आलो तर श्यामला साडी बदलून तयार. "चला. त्यांच्या घरी."

"आज? जरा दोन दिवस जाऊ दे. कदाचित त्यांना वाटेल की कॅमेऱ्यातच दोष होता."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चपला घालायला लागलो.

स्वारगेटला त्यांच्या घरापर्यंतच्या रिक्षात मी वाक्यं जुळवत होतो. 'एक छोटीशी तांत्रिक अडचण.' 'आमच्याकडे ऊन जरा जास्तच येतं.' श्यामला एकेक वाक्य ऐकून नुसती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, "सरळ सांगा. मुलीचं आयुष्य आहे." मी वाक्यं जुळवायचं सोडलं. स्वरालीचा सकाळचा चेहरा तेवढा डोळ्यांपुढे येत राहिला. ती लहानपणी रुसायची तेव्हा ओठ बाहेर यायचे. सकाळी तेही आले नव्हते. ती नुसती थकलेली दिसत होती.

रंगनाथरावांनीच दार उघडलं. "या. सापडली तारीख?"

"नाही," मी म्हणालो. "तारीख काही सापडली नाही. पण कॅमेरा सुंदर आहे हं. आतूनसुद्धा."

रंगनाथराव थबकले. "आतून?"

"मी उघडला," मी म्हणालो. "खिडकीपाशी. उन्हात. मला माहीत नव्हतं, पण ते काही कारण नाही. आपल्या आईंचे फोटो मी घालवले."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. चेहऱ्यावरचा ताठपणा गळून पडला, आणि पहिल्यांदाच ते मला म्हातारे वाटले. कॅमेरा हातात घेऊन ते सोफ्यावर बसले. आतल्या खोलीतून मथुराबाई काठी टेकत आल्या. लहानखुऱ्या, कापसासारखे पांढरेशुभ्र केस.

"काय झालं रे?"

"फोटो गेले असतील, आई."

"असतील म्हणजे? बघितलंस का?"

त्या प्रश्नाने रंगनाथराव उठले. फिल्म ते स्वतःच धुतात, बाथरूममध्ये, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी बाटल्या आणि एक झाकणाचा डबा उचलला, आत गेले, कडी लावली आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. "मी सांगेपर्यंत कुणी दार उघडायचं नाही," आतून आवाज आला. आणि जरा थांबून, "श्रीनिवासराव, विशेषतः तुम्ही."

आम्ही बाथरूमच्या दारासमोर खुर्च्या मांडून बसलो. श्यामलाने निरोप दिल्यामुळे केयूर आणि स्वरालीही खराडीहून धावतपळत आले. स्वरालीने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आईशेजारी जाऊन बसली. आतून पाण्याचा आवाज यायचा, मग डबा हलवल्याचा, मग शांतता. ऑपरेशन थिएटरबाहेर मी कधी बसलेलो नाही. पण असंच असणार.

"केयूर," मथुराबाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "मला जायचंय."

"कुठे, आजी?"

"आता या वयात कुठे जाणार मी? बाथरूमला!"

"आजी, पाचच मिनिटं."

"हे मी फोटो काढतानासुद्धा ऐकलं होतं. तो 'हलू नको' म्हणाला, मी हलले नाही. आता तो आत, मी बाहेर. फोटो माझे, बाथरूम माझं, आणि मलाच मज्जाव!"

स्वराली उठली. "आजी, मी शेजारी विचारते, चला." आजींना हाताला धरून ती शेजारच्या घरी घेऊन गेली. दोघी परत आल्या तेव्हा आजींनी तिचा हात सोडलेला नव्हता.

आणि कडी वाजली.

रंगनाथराव ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आले. कुणीही न सांगता आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांनी ती खिडकीसमोर धरली. शेवटचा मोठा तुकडा पार काळाठिक्कर.

"पंगतीचे गेले," ते सावकाश म्हणाले. "पाहुण्यांचे सगळे गेले." मग फिल्म वर सरकवली. "पण सुरुवातीचे आहेत. गुंडाळीत आतल्या बाजूला होते, वरच्यांनी झाकून घेतलं. औक्षणाचे कडेने काळवंडलेत. पण आहेत."

"पाहुण्यांचे गेले?" मथुराबाईंनी विचारलं. "म्हणजे इंदुबाईचे?"

"हो, आत्याचे सगळे गेले."

"बरं झालं. दिवसभर तोंड वाकडं करून बसली होती. दाखव मला माझे."

रंगनाथरावांनी फिल्म त्यांच्या डोळ्यांजवळ नेली. त्या चष्मा सावरून बघत राहिल्या. मग त्यांच्या बोळक्या तोंडावर हसू पसरत गेलं.

"अगं बाई! केस काळे आलेत माझे!"

"आई, ती निगेटिव्ह आहे. उलटं दिसतं त्यात. छापल्यावर पांढरेच येतील."

"मग छापू नकोस. अशीच चौकटीत लाव." मग माझ्याकडे वळून, "तुम्हीच ऊन दाखवलंत ना? चांगलं मानवलं हो."

केयूर हसला, मग स्वराली, मग श्यामला. रंगनाथरावांचे ओठही किंचित हलले. ते फिल्म दोरीवर लटकवायला गेले तेव्हा मी त्यांच्या मागे गेलो.

"रंगनाथराव, कारखाने बंद झालेले नाहीत. मी तुमच्या भाचीचाही अपमान केला. चुकलो."

"तुमचंही अगदी खोटं नव्हतं," ते चिमटा लावत म्हणाले. "बरेचसे गेले. पण जे उरलेत त्यांना आपण आधीच मेलेले का म्हणायचं?" मग श्यामलाकडे पाहून, "वहिनी, अळूवडी अर्धी राहिलीय माझी. पुढची बोलणी तिथेच करू."

लग्न थाटात झालं. व्याहीभेटीच्या वेळी रंगनाथरावांनी मला मिठी मारली आणि एक खोकं हातात ठेवलं. आत फिल्मचा कॅमेरा, प्लास्टिकचा, साधासाच, पण त्याच वर्षी बनलेला. माझे डोळे भरून आले. सगळ्यांसमोर खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "आणि फिल्म?"

"देऊ की," रंगनाथराव म्हणाले. "आधी झाकण बंद ठेवायची सवय होऊ द्या."

या गोष्टीला आता वर्ष झालं. मी अजून रिकाम्या कॅमेऱ्यानेच फोटो काढतोय. श्यामला पदर सावरून हौसेने समोर उभी राहते. तिचं म्हणणं, मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये हेच सगळ्यात चांगले आलेत.