दोन कट्टे तूर आणि चार बुश

दिगंबरकाकाजींशी बोलायचं असेल तर त्यांच्या गाडीत बसावं लागतं, आणि गाडीत बसलं की बोलायला बंदी. "चूप. ऐकू दे," म्हणून ते काच खाली करतात, मान तिरपी करतात आणि आमच्या अमरावतीच्या कॉलनीतल्या एकेका गतिरोधकावरून गाडी मुंगीच्या चालीनं नेतात. मागून 'खट्' असा आवाज आला की चेहरा लग्नघरासारखा उजळतो.

"आला ना? उजवीकून आला ना? काय मजा हाय राजेहो!"

बिघाड सापडल्यावर इतका आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. काकाजी माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. सरकारी ट्रॅक्टर वर्कशॉपात फोरमन होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण कान अजून नोकरीवर आहेत. आमचा मिक्सर सुरू झाला की ते कुंपणापलीकडून ओरडतात, "प्रमोद, बेअरिंग जाऊन राहिली!" आणि आठवड्यात ती जाते. माझ्या बायकोला तर संशय आहे की त्यांच्या ओरडण्यानंच जाते.

गाडी पंचवीस वर्षांची. मूळ रंग हिरवा होता असं जुने लोक सांगतात. चारही चाकं एकदम ओढणारी, याचा काकाजींना कोण अभिमान! "पुढची दोन थकली त मांगची दोन ओढते," ते पाहुण्यांना समजावतात. त्यावर शकुंतलाकाकू चहा ठेवता ठेवता म्हणतात, "म्हंजे मांगची मीच."

काकूंच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि घरातली गंमत थोडी कमी झाली. त्यांची मोठी बहीण, जिला त्या बाई म्हणतात, पातूरला असते. ती अंथरुणाला खिळलेली, रोज फोनवर एकच विचारायची, "शकू, येतं कवा?" डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली त्याच दिवशी हे दोघं निघाले. बडनेऱ्याच्या पुढं रस्त्याला दोन-चार खड्डे लागले, मागून 'खट् खट्' झालं आणि काकू कळवळून रडायला लागल्या. गाडी परत फिरली. घरी उतरताना त्या म्हणाल्या, "आता मी काई बाईले भेटत नाई."

मी सुचवलं, "काकाजी, भाड्याची गाडी करा ना."

"पाह्यल्या तीन. कोन्याच गाडीत तिले मांग नीट आडवं होता येत नाई. आपलीच सीट लांब हाय." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "मांगचे बुश गेले रे! रबर खल्लास! बदलून टाकू, मंग पाय मजा!"

बुश म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे आर्मला, जिथं बोल्ट बसतो, तिथलं लोखंडी कड्यातलं रबर. तळहातात मावेल एवढी वस्तू. पण इतक्या जुन्या गाडीची ती मिळणार कुठं? मी नोकरीसाठी रोज अकोल्याला जातो-येतो, म्हणून शोधाची जबाबदारी माझ्यावर आली. जुना बुश रुमालात बांधून मी आठ दिवस अकोल्याच्या दुकानांतून हिंडलो. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरच्या खोक्यातून चार नवे बुश काढले. ते घरी आणले तेव्हा काकाजींनी मला भर रस्त्यात मिठी मारली.

"आता फ्रिजरमंदी ठेव. थंडीनं आकसते, मंग आर्मच्या घरात बसते बरोबर."

काकूंनी आपल्या फ्रिजला हात लावू दिला नाही, म्हणून ते बुश आमच्याकडे आले. दोन दिवस आमच्या घरी बर्फ नाही, कुल्फी नाही, बुश. दर दोन तासांनी काकाजी विचारपूस करायला येत.

शनिवारी काम निघालं. जॅकवर गाडी उचलली, चाकं काढली, आर्म उतरवले. जुना बुश काही केल्या निघेना. काकाजींनी पाइपाचा तुकडा, लांब बोल्ट आणि दोन वॉशर घेऊन घरगुती प्रेस बनवला आणि पाना फिरवायला मला लावलं. बुश 'ठप्' करून बाहेर आला तेव्हा आम्ही दोघंही ओरडलो. खरं सांगतो, चाळिशी उलटल्यावर इतका आनंद मला कशाचाच झाला नव्हता. नवे बुश साबणाच्या पाण्यानं सर्रकन बसले. संध्याकाळपर्यंत सगळे नट आवळून मोकळे. रविवारी पातूरला निघायचं ठरलं. काकूंनी बहिणीला फोनही केला.

रविवारी सकाळी सहाला माझ्या दारावर थापा.

"चुकलो रे प्रमोद! पस्तीस वर्सं पोरायले शिकवलं अन् मीच चुकलो! चाकं लटकून होते तवाच आवळले ना आपुन नट!"

"मग?"

"मंग काय? गाडी खाली ठेवली का रबर पिळते. पिळल्या रबरानं दनका बसते, अन् महिन्याभऱ्यात फाटते. गाडी आपल्या वजनावर उभी असली पाहिजेन, तवा आवळा लागते!"

दुसरा कोणी असता तर डोक्याला हात लावून बसला असता. काकाजी नाचत होते. त्यांनी मागची चाकं लाकडी ठोकळ्यांवर चढवली, नट सैल केले आणि मग त्यांना आणखी एक कल्पना सुचली. गाडी नुसती उभी करून भागायचं नाही, मागं काकू झोपणार, तर काकूंच्या वजनानिशी आवळायला हवं. त्यांनी घरातून तुरीचे तीस किलोचे दोन कट्टे आणून सीटवर आडवे घातले.

"शकुंतला एकसष्ट हाय," ते गाडीखालून ओरडले. "प्रमोद, वरून किलोभर गूळ ठेव!"

समोरच्या तीन घरांच्या खिडक्या उघडल्या. काकू कमरेचा पट्टा सावरत अंगणात आल्या. "काहून हो, साऱ्या गल्लीले वजन सांगून राह्यले माह्यं? अन् साठ हावो मी. उचल रे प्रमोद तो गूळ!"

गूळ उचलला. नट आवळले. दहा वाजता तुरीच्या जागी काकू उशी घेऊन आडव्या झाल्या, मी पुढं बसलो आणि आम्ही निघालो. बडनेऱ्याच्या पुढचे ते खड्डे आले तेव्हा काकाजींचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. गाडी गेली. मागून आवाज नाही, कण्हणं नाही. मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं. काकाजी मिशीतल्या मिशीत हसत होते.

पातूरचा फाटा आला आणि काकाजींनी गाडी सरळ पुढं काढली.

"काकाजी, पातूर—"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आरसा दाखवला. काकू गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, एक हात सीटखाली लोंबत होता.

"आपरेशनपासून एक डाव सलग झोपली नाई रे," ते कुजबुजले. "मी उठूउठू पायतो ना. जागीच रायते." त्यांचे डोळे भरले होते, पुसायला हात मोकळा नव्हता. "बाई थांबीन. जरासं पुढं जाऊन येऊ."

एवढ्यात बहिणीच्या घरून फोन आला. मी हळू आवाजात सांगितलं की रस्त्याचं काम चालू आहे, थोडा उशीर होईल. घाटाच्या वरून काकाजींनी अलगद गाडी वळवली.

पातूरचा फाटा पुन्हा आला. मी मागं वळून पाहिलं, काकू अजून झोपेतच होत्या. काकाजींना नुसती मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी वेग आणखी कमी केला आणि गाडी अकोल्याच्या दिशेनं जाऊ दिली.