बाळंतिणींची बाग

जमनामावशींच्या घरात कुठल्या बाजूनं शिरायचं, हे ऋतू ठरवायचा. उन्हाळ्यात पुढचं फाटक बंद, कारण मोगऱ्यात बुलबुल अंड्यांवर बसलेली. पावसाळ्यात मागचं अंगण बंद, कारण तेरड्याशेजारच्या दगडी डोणीत बेडकांनी अंडी घातलेली. थंडीत शेवंतीआड मुंगसाची पिल्लं, म्हणून बाजूची पायवाट बंद. मी उमरोळीच्या शाळेत मास्तर आणि त्यांचा शेजारी. एकदा मला चक्क खिडकीतून आत जावं लागलं, तेही धोतर सावरत.

मावशींनी जन्मभर सुईणपण केलं. गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातची, स्वतःचं मात्र कुणी नाही. वयामुळे काम सुटलं, सवय सुटली नाही. "हळू बोला मास्तर, बाळंतीण हाय," असं त्या दटावायच्या, तेव्हा ती बाळंतीण म्हणजे पेरूच्या पानात घरटं शिवून बसलेली शिंपीण चिमणी असायची. फुलपाखराच्या अळ्यांनी लिंबाच्या झाडाचा खराटा केला, तरी "वाढत्या अंगाची पोरं, खायचीच," म्हणून कौतुक. आमच्या मांजरीला तर त्यांनी गल्लीबंदीच केली होती.

एका वर्षी बुलबुलाच्या पिल्लांचं बारसं करायचं म्हणून बाराव्या दिवशी त्यांनी घुगऱ्या शिजवल्या. पिल्लं नेमकी त्याच सकाळी उडून गेली. "जरा दम नाय या पोरांना," म्हणत त्यांनी घुगऱ्या मला वाढल्या. मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्यांच्या बहिणीचा मुलगा हरी तारापूरला वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर होता. कॉलनीत घर मिळाल्यापासून दर दोन महिन्यांनी तो मावशींना न्यायला यायचा.

"मावशी, चल आता. एकटी काय करते इथं?"

"येते रे. पन हिचं बाळंतपण उरकू दे. अशी टाकून कशी येऊ?"

मग हरी मुक्काम करायचा, बोंबलाचं कालवण ओरपायचा, जी कोण बाळंतीण असेल तिच्या नावानं बोटं मोडायचा आणि एकटाच परत जायचा. असं दोन वर्षं चाललं. बाई भारी हट्टी, असं मी घरी सांगत असे.

मग एका चैत्रात हरीचं पोस्टकार्ड आलं. मावशींना वाचता येत नसे, म्हणून मी वाचलं. 'मावशी, तुझा जीव बागेत आहे हे मला कळलं. यापुढं चल म्हणून तुला त्रास देणार नाही. सुखात राहा.'

मला वाटलं, बाई सुटल्या. पण त्या ओटीवर नुसत्या बसून राहिल्या. मोगऱ्याच्या कळ्या वेचायच्या तशाच राहिल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी गेले असते, तर मला न्यायला कोण आलं असतं?"

दोन वर्षं त्यांना हट्टी म्हणत आलो, याची फार लाज वाटली. घरातून कोरं कार्ड आणलं आणि विचारलं, काय लिहू.

"लिवा, बाग रिकामी झाली. एक पन बाळंतीण नाय. न्यायला ये."

त्यांच्या मागं हातभर अंतरावर बुलबुल चोचीत किडा धरून आम्ही हलण्याची वाट बघत होती. मावशींनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"एक पन नाय, असंच लिवा," त्या म्हणाल्या.

मी तसंच लिहिलं, आणि शेवटी 'लवकर ये' एवढं माझ्या पदरचं घातलं.