खांबाखालचं प्रात्यक्षिक

तक्रार कशी करावी हे माझ्याकडून शिकावं! लोक नुसते ओरडतात. मी पुरावा देतो.

म्हणूनच आमच्या गल्लीतल्या खांबावर तो नवा दिवा लागला, तेव्हा सगळे माझ्याकडे आले. दिवा कसला, सूर्याचा धाकटा भाऊच! जुना पिवळा दिवा पेन्शनरासारखा एका कोपऱ्यात मिणमिणत असायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा पांढराफटक आणि थेट आमच्या बेडरूमच्या खिडकीत. डोळे मिटले तरी पापण्यांतून दिसायचा. पडदा त्याच्यापुढे अगदीच शोभेचा ठरला. उशी डोक्याखाली घ्यावी की डोक्यावर, तेच कळेना.

"आपण मागच्या खोलीत झोपू या," बायको म्हणाली.

मागची खोली म्हणजे माझी खोली! माझी आरामखुर्ची, माझी पुस्तकं, आणि हाक मारली तरी ऐकू येत नाही अशी घरातली एकमेव जागा.

"अगं, थोडं थांब! तो दिवा हलवून दाखवतो!"

"आणि नाही हलला तर?"

"तर माझी खुर्ची हलव!"

काही वाक्यं तोंडातून निघतानाच महाग पडणार हे कळतं. हे त्यातलं.

दिव्यांच्या खात्यातल्या इंजिनिअरना मी फोन लावला. "उजेड किती पडतो ते एकदा येऊन बघाच!" असं इतक्या ठणकावून सांगितलं, की ते दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला यायला तयार झाले.

मी लगेच गल्ली गोळा केली.

"ते येतील तेव्हा घरातले सगळे दिवे बंद! प्रत्येकाने एकेक बारीक काम घेऊन या उजेडात बसायचं. आपण बोलायचंच नाही. पुरावाच बोलेल!"

गल्ली उत्साहाने नुसती फसफसली.

"काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने काज करतो!" टेलर म्हणाले.

"मी चष्म्याशिवाय विणते!" शेजारच्या काकू म्हणाल्या.

"मी दोन शब्द बोलेन," समोरचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले.

"सर, बोलायचं नाहीये."

"म्हणूनच फक्त दोन."

दुसऱ्या दिवशी सगळी घरं अंधारात आणि सगळी माणसं उजेडात! मी स्वतः खिडकी सताड उघडून, पलंगावर आडवा पडून, डोकं खिडकीच्या चौकटीवर टेकून, औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं खड्या आवाजात वाचत होतो. इंजिनिअर स्कूटरवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि बघतच राहिले.

"साहेब, एक टाका चुकला असेल तर दाखवा!" टेलर ओरडले.

"आणि चष्मा माझा घरात आहे बरं का!" काकू.

"एवढं बारीक वाचता येतं?" इंजिनिअरनी खालून मला विचारलं.

"येतं म्हणजे काय! आणि तेही घरात बसून, दिवा न लावता!" मी विजयी स्वरात म्हणालो.

इंजिनिअरनी रुमाल काढला. मला वाटलं, शरमेने घाम फुटला. त्यांनी डोळे पुसले.

"इतकी वर्षं नोकरी झाली," ते म्हणाले, "लोक फक्त शिव्या घालायला फोन करतात. आमच्या कामाचा उपयोग दाखवायला तुम्हीच पहिल्यांदा बोलावलंत!"

मी एका पायात चप्पल घालून जिना उतरलो. पण तोवर हेडमास्तर उभे राहिले होते. उभी हयात त्यांनी शाळेत पाहुण्यांचं स्वागत केलेलं. समोर साहेब दिसला की त्यांच्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

"आज आपल्याला लाभलेले मान्यवर..."

"सर, तक्रार!" मी त्यांचा सदरा ओढला.

"तक्रारीकडे वळतोच! साहेब, आमची तक्रार एकच. आपण इतक्या उशिरा का आलात?"

टाळ्यांचा कडकडाट! मीही वाजवल्या. हात आपोआप जुळतात हो अशा वेळी.

"साहेब, पण हा दिवा..." मी कसाबसा पुढे सरकलो.

"सांगायलाच नको! वाचताना तुमची मान वाकडी होत होती, ते बघितलं मी. उद्याच दिवा खिडकीकडे नीट वळवून देतो. आणि पलीकडच्या टोकाला आणखी एक!"

माझा हात हातात घेऊन त्यांनी तो इतक्या प्रेमाने दाबला, की माझ्या तोंडून "आभारी आहे" निघून गेलं.

वर आलो तर मागच्या खोलीत गाद्या पडल्यासुद्धा होत्या! बायकोने खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"माझी खुर्ची कुठे आहे?"

"टेलरना सांगून खाली ठेवतेय. खांबाखाली. अहो, वाचायला उजेड किती छान आहे, तुम्हीच नाही का सांगितलंत सगळ्यांना?"

तर ही हकीकत मी खांबाखाली बसूनच लिहिली आहे. उजेडाबद्दल खरंच काही म्हणणं नाही. फक्त हेडमास्तर समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका ओरडून सांगतात, तेवढं कुणीतरी थांबवा!