मांडीमागची लाल रेघ

"या खेपेला तू पास होणारच! माझी मांडी आहे ना!" बापाने जाहीर केलं. मुलगी डॉक्टरकी शिकत होती. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत ती एकदा आपटली होती, तीही मांडीच्या नसांवरच. आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून तिच्या प्रत्येक परीक्षेचं निम्मं टेन्शन बापच घेत आला होता.

हाफपँट घालून तो खुर्चीत बसला. मुलीने रंगीत पेनं काढली आणि त्याच्या मांडीवर नसांच्या रेघा ओढायला घेतल्या. पुढच्या स्नायूंना हिरवी नस, आतल्यांना निळी, मागच्यांना लाल.

"आणि हा आतला मोठा स्नायू भलताच लबाड आहे, बाबा. हुकूम निळीकडूनही घेतो, लालकडूनही!"

लाल पेन मांडीमागून आत वळलं मात्र, बापाला अशा गुदगुल्या झाल्या की त्याने सणसणीत लाथ झाडली. चहाचा कप थेट भिंतीवर!

"सकाळी शेवटची उजळणी करीन. तोवर अंघोळ नाही!" मुलीने बजावलं.

बापाने शब्द पाळला. फक्त दाढी केली, तीही बाथरूममधल्या ओल्या स्टुलावर बसून. मुलीने घाईघाईत पाय न्याहाळला, ओठ हलवत उजळणी केली आणि परीक्षेला पळाली. मग बापाचं लक्ष स्टुलाकडे गेलं. मागची सगळी लाल शाई तिथे उतरली होती! म्हणजे पोरीने त्या लबाड स्नायूला एकच नस पाहिली!

तो आहे त्या हाफपँटवर धावत सुटला. कॉलेजच्या दारात शिपाई आडवा आला.

"काका, कुठे?"

"पोरीला सांगा, लालही आहे!"

"काय लाल आहे?"

"मांडी!"

आरडाओरडा ऐकून परीक्षक मॅडम बाहेर आल्या. त्यांनी रेघा पाहिल्या आणि त्या ओरडल्याच, "अहो, झाका तो पाय! मुलं बसलीत इथे. चालतीबोलती कॉपी आहे ही!"

शिपायाने मांडीला पांढरा ॲप्रन गुंडाळला आणि बापाला कोपऱ्यात बसवलं. तिथून तो परीक्षेच्या खोलीच्या दाराकडे टक लावून बसला. आईवेगळ्या पोरीला दोन्हीकडचं आपण एकट्याने देऊ, असं म्हणत इतकी वर्षं काढली. आणि ऐन वेळी तिची एक नस आपणच पुसली! त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. "बाबा, पास! तोच स्नायू विचारला!"

"पण लाल रेघ तर पुसली होती गं!"

"हो ना. एकच सांगणार होते, तर तुमची लाथ आठवली. म्हटलं, दोन!"

बापाने डोळे पुसले आणि छाती फुगवली. "बघ, म्हटलं नव्हतं? माझी मांडी आहे!"

"आहे ना. आता घरी चला आणि भिंत पुसा."