शांतवनकाकांचं एक कलम

अल्लीपूरच्या बाजारात दोन माणसांनी एकमेकांची गचांडी धरली, की लोक मजा बघायला गोळा होतात. शांतवनकाका तेवढे गर्दीत गरोदर बाई शोधत फिरतात.

"सरक बाई, सरक! तू दोन जिवांची. भांडू दे या येड्यायले!"

काकांचं दुकान म्हणजे आमच्या वांग्यांच्या ढिगाशेजारी अंथरलेलं पोतं, त्यावर कुलपं आणि किल्ल्या. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकच, आणि त्या घरातही ते एकटेच. बायबलातल्या मोशेच्या सगळ्या कायद्यातलं त्यांनी एकच कलम धरून ठेवलंय. दोन पुरुष भांडताना गरोदर बाईला मार लागला, मूल पोटाबाहेर आलं, पण इजा झाली नाही, तर दंड. इजा झाली तर जिवाबद्दल जीव.

"पण इजा कोणाले? मायले का लेकराले? हे काऊन नाई लिवलं?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारायचा ठेवलेला नाही. चर्चचे एक पाळक म्हणाले, आईला. बाळासाठी दंड पुरे. दुसरे म्हणाले, दोघांनाही. काकांना दोघांचंही पटतं, आणि घरी आल्यावर एकाचंही पटत नाही. एका वकिलाची किल्ली तर त्यांनी मुठीत दाबून धरली. "अगोदर मत सांगा, मंग किल्ली." वकील बिचारा म्हणाला, दोन्ही बाजूंनी बोलता येईल. "ते तर मीबी करून राह्यलो!" म्हणत काकांनी किल्ली देऊन टाकली.

मी चिडवायचो, "काका, मोशे बाजारात आला तर तुमच्या भीतीनं वडनेरकडं पळंन." काका खूश.

गेल्या हिवाळ्यात वंदनाचं, माझ्या बायकोचं, पाचव्या महिन्यात पोट पडलं. ना भांडण, ना धक्का, नुसतंच गेलं. येणारा-जाणारा म्हणायचा, "वय हाये अजून, दुसरं होईन." वंदना मान हलवायची. बोलणं तिनं सोडूनच दिलं होतं, आणि मी पार घाबरून गेलो होतो.

मग काका आले. मी मनात म्हटलं, आता कलम निघणार. त्यांनी चहा घेतला आणि तिला विचारलं, "नाव काय ठेवलं होतं, बाई, लेकराचं?"

"घरात चिमणी म्हणत होतो," वंदना म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली. मला इतकं बरं वाटलं, की मी आत जाऊन उगाच भांडी हलवत बसलो.

बाहेर आलो तेव्हा ती पदरानं डोळे पुसत विचारत होती, "अन् तुमच्याचं, काका?"

काकांना मूलबाळ झालंच नाही, असं सगळं गाव धरून चालतं. मीही.

काकांनी कप खाली ठेवला. "रूथ," ते म्हणाले. "पोरगीच होईन म्हणे मायी बायको. आजपर्यंत कोणी इचारलंच नाई, बाई."

"कोणावर गेली असती?" वंदनानं विचारलं.

काका नीट मांडी घालून बसले आणि सांगू लागले.