पहिलं नको

रविवारी दुपारी ऋताने जेवणाच्या टेबलावर हजेरी घेतली आणि त्या हजेरीत मंदाकिनीबाई गैरहजर लागल्या. वास्तविक त्या तिथेच होत्या, हातात आमटीची वाटी धरून.

"एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लिटल अंदमान," ऋता फोनवर बोट ठेवून म्हणाली. "इथून विमानाने पोर्ट ब्लेअर, पुढे जहाज. आठ दिवस. दहावी झाली की सर्फिंग शिकवायचं श्रुतीला कबूल केलंय. कोण येणार ते आत्ता सांगा, तिकिटं आजच काढते. पराग?"

"हो," पराग म्हणाला. बायकोला तो दुसरं उत्तर सहसा देत नसे.

"आजी, तिथे लाट इतका मोठा येतो!" श्रुतीने हात पसरले. जन्मापासून इथे सॉल्ट लेकमध्ये, बंगाली मुलांत वाढलेल्या नातीचं मराठी असंच, बसमध्ये उभ्याने प्रवास केल्यासारखं. "त्याच्यावर फळी टाकायची आणि उभं राहायचं!"

"बाबा?"

"हो!" भालचंद्रपंतांनी घास गिळायचीही वाट पाहिली नाही. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. बेटं फळ्यावर हजार काढली, पाय एकावरही ठेवला नव्हता.

"आई?"

प्रश्न मंदाकिनीबाईंना होता. त्यांना जायचं होतं. साताऱ्याकडून लग्न होऊन या शहरात आल्याला सेहेचाळीस वर्षं झाली. समुद्र पाहिला तो एकदाच, पुरीला, आणि तोही सासूबाईंचं गाठोडं सांभाळत, पाठ करून. पण विचारल्याबरोबर हो म्हणायचं म्हणजे किती हावरटपणा! मंदाकिनीबाईंची शाळा चौथीत सुटली, तरी एवढा धडा त्यांना पाठ होता. पहिलं नको रीतीचं, दुसरं नको मानाचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की "आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" म्हणून पान पुढे करायचं. जिलबी त्यांनी आयुष्यभर अशीच घेतली, लुगडी अशीच घेतली आणि नवराही असाच घेतला होता.

"छे गं बाई, मी कशाला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जा सगळे. माझं काय, दोन घास खाऊन पडून राहीन."

"नक्की ना, आई?"

दुसरं आलं. "नक्की म्हणजे काय, अगदी नक्की," असं म्हणून मंदाकिनीबाईंनी वाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि तिसऱ्या वेळचं वाक्य जिभेवर तयार ठेवलं.

"बरं. म्हणजे चार तिकिटं," ऋता म्हणाली आणि फोन पालथा घातला. "बाबा, भात वाढू?"

ऋता कर्नलची मुलगी. फोर्ट विल्यमच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. तिच्या घरी प्रश्न एकदा विचारत आणि उत्तर एकदा देत. "नक्की ना" एवढं विचारलं, तेच तिच्या दृष्टीने सासूचे फार लाड झाले.

जेवणं झाल्यावर मंदाकिनीबाईंनी नवऱ्याला खोलीत गाठलं.

"अहो, हो म्हणालात तुम्ही?"

"विचारलं म्हणून म्हणालो."

"आणि मी काय म्हणाले ते ऐकलंत?"

"ऐकलं की. नको म्हणालीस. दोनदा."

"दोनदाच!" मंदाकिनीबाईंचा आवाज चढला. "सेहेचाळीस वर्षांत माझं दुसरं नको कधी खरं धरलंत?"

भालचंद्रपंतांच्या डोक्यात उशिरा का होईना, उजेड पडला. "अरेच्चा! मग सांगतो ना मी ऋताला..."

"खबरदार! मी काय पोस्टाचं पार्सल आहे, चिठ्ठी चिकटवून पाठवायला? तिने आपण होऊन विचारलं पाहिजे."

"आणि नाही विचारलं तर?"

"विचारायला लावते बघा."

त्या दिवसापासून त्यांचा पाय एका जागी ठरेना. स्वयंपाकघरातून गॅलरी, गॅलरीतून हॉल, हॉलमधून पुन्हा स्वयंपाकघर. घासलेले डबे घासून झाले, निवडलेली डाळ पुन्हा निवडून झाली. सोमवारी त्यांनी माळ्यावरून आपली निळी सुटकेस ओढून काढली आणि ऋता ऑफिसातून येईल त्या वेळेला हॉलच्या मधोमध उघडी टाकून पुसत बसल्या. सून विचारील, "ही कशाला काढलीत?" मग आपण उसासा टाकू.

"अगं बाई, बरं केलंत आई!" ऋता म्हणाली. "आम्हाला एक बॅग कमीच पडत होती." आणि सुटकेस घेऊन गेली.

मंगळवारी उसासाच आधी टाकला. "तुम्ही गेलात की घर खायला उठेल गं. आणि या वयात रात्री-अपरात्री काही झालं तर पाणी द्यायला कोणी नाही."

ऋताने मान हलवली. "हे माझ्या लक्षातच नव्हतं, आई." मंदाकिनीबाईंनी चेहरा शक्य तितका केविलवाणा केला आणि तिसऱ्या विचारणीची वाट पाहिली.

बुधवारी सकाळी दारात एक बाई उभी. म्हाताऱ्या माणसांजवळ राहायला बाया पाठवणाऱ्या आया सेंटरला ऋताने फोन केला होता. बाई चपला काढून आत आली, मंदाकिनीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळून ऋताकडे वळली आणि विचारती झाली, "माशिमा हाँटते पारेन?"

चालता येतं का! मंदाकिनीबाई त्या वेळी पाण्याने भरलेली बादली उचलून गॅलरीत निघाल्या होत्या. त्यांनी ती बादली आयाच्या पायाशी अशी आदळली की बाई दोन पावलं मागे सरकली.

"पारेन," ऋता घाईघाईने म्हणाली. "शोब पारेन." सगळं येतं त्यांना! आम्ही निघायच्या आदल्या दिवशी घर समजून घ्यायला ये, असं सांगून तिने आयाला वाटेला लावलं.

गुरुवारी मराठी मंडळात भजन होतं. शेजारी वृंदाताई बसल्या. त्यांच्या मुलाने त्यांना गेल्या वर्षी सिंगापूरला नेऊन आणलं होतं, आणि त्यांच्या बोलण्यातलं ते विमान अजून खाली उतरलं नव्हतं. आरती होते न होते तोच त्या कानाशी आल्या.

"काय हो मंदाताई, आमच्या ह्यांनी तुमच्या ह्यांना न्यू मार्केटात पाहिलं. फुलाफुलांची अर्धी चड्डी घेत होते म्हणे! निघालात कुठे?"

"अंदमानला," मंदाकिनीबाई टाळ पुसत म्हणाल्या. अर्ध्या चड्डीचं त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"दोघं?"

"मग? बायकोला टाकून एकटे जातील का ते?"

यात खोटं एक अक्षर नव्हतं, नुसता प्रश्न होता. पण प्रसादाचे द्रोण वाटून होईपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं की मंदाकिनीबाई लाटांवर चालल्या.

आता मात्र त्यांचा जीव टांगणीला लागला. चार तिकिटं, निघायला पाच दिवस, आणि नवरा बायकोला सोडून चड्डी घालून बेटावर जाणार, हे मंडळाला कळलं की टाळ हातात धरायची सोय उरणार नव्हती. दोनदा त्या ऋताच्या दारापर्यंत गेल्या आणि दोनदा "दूध उतू जाईल" असं स्वतःलाच सांगून परत फिरल्या. दूध फ्रीजमध्ये होतं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. वृंदाताई आणि मागे सहा बायका. हातात नारळ, खण, हळदकुंकवाची कोयरी.

"ओटी भरायला आलोय!" वृंदाताई म्हणाल्या. "समुद्रावरून जायचं म्हणजे काय थट्टा आहे? आणि मंदाताई, सेल्युलर जेलला माझाही नमस्कार सांगा बरं का."

मंदाकिनीबाईंना धरून सोफ्यावर बसवण्यात आलं. कुंकू लागलं, पदरात नारळ पडला. त्या वजनाने की कशाने, त्यांची मान खालीच राहिली. समोर ऋता पन्ह्याचा ट्रे घेऊन उभी.

"भाग्याची गं बाई तू," वृंदाताई तिला म्हणाल्या, "सासूला अशी हौसेने बरोबर नेतेस. हल्ली कोण नेतं?"

ऋताने सासूकडे पाहिलं. पदरातल्या नारळाकडे पाहिलं. आतल्या खोलीच्या दारात अर्ध्या चड्डीतले भालचंद्रपंत दिसले आणि लगेच दिसेनासे झाले.

"त्यांच्याशिवाय कसली मजा, काकू?" ऋता म्हणाली. "पन्हं घ्या ना."

बायका गेल्या. ऋताने दार लावलं आणि तिथेच पाठ टेकून उभी राहिली.

"आई, तुम्हाला यायचंय?"

'छे गं बाई' ओठांपर्यंत आलं होतं. मंदाकिनीबाईंनी नारळ घट्ट धरला. हे नको बाहेर पडलं की तेही खरंच धरलं जाणार.

"हो," त्या म्हणाल्या. आयुष्यातलं पहिलंच सरळ हो. ते जरा खरखरीतच निघालं.

"मग नको का म्हणालात?"

"म्हणायचं असतं तसं. तिसऱ्यांदा विचारतात, मग हो म्हणायचं."

"तीनदा?" ऋता मटकन खाली बसली. "म्हणजे आमच्या लग्नात मी विचारलं, तुम्हाला जांभळी पैठणी घेऊ का, आणि तुम्ही दोनदा नको म्हणालात..."

"अठरा वर्षं झाली त्याला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी अजून वाट बघतेय."

ऋताला हसू आवरेना. डोळे पुसत तिने फोन उघडला. "एकच सीट आहे, शेवटच्या रांगेत. चालेल?"

"हो."

"जहाजात पोट ढवळतं हं."

"हो."

"आणि सर्फिंगच्या वर्गात तुमचं नाव..."

"हो!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. उशिराचा धोका त्यांना आता चांगला कळला होता. या वेळी मात्र ऋता "नक्की ना" म्हणायला विसरली.

रविवारी सराव. श्रुतीने कपाटातली फळी काढून गुंडाळलेल्या सतरंजीवर ठेवली. "आजी, आधी झोपायचं, मग हात दाबायचं, मग एकदम उठायचं!" मंदाकिनीबाईंनी पदर खोचला. पहिल्यांदा त्या गुडघ्यावरच राहिल्या. दुसऱ्यांदा फळीवर ताठ उभ्या राहिल्या, हात पसरून, नजर समोर. जन्मभर जमिनीवर बसून पोळ्या लाटलेले गुडघे कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही.

"अगं, तसं नाही," भालचंद्रपंत नव्या चड्डीत पुढे आले. शिकवायची सवय जात नाही. "वारा कुठून येतो ते आधी बघायचं. सरक, मी दाखवतो."

फळी पूर्वेला गेली आणि भूगोल पश्चिमेला.

डॉक्टरांनी सांगितलं, कंबर लचकली आहे. दहा दिवस अंथरुणात. विमान नाही, जहाज नाही, चड्डीही नाही, लुंगी.

सोमवारी सगळे त्यांच्या पलंगाभोवती जमले. "आपण रद्दच करू या," पराग म्हणाला. श्रुतीने तोंड पाडलं.

"छे छे, माझ्यासाठी कशाला?" भालचंद्रपंत म्हणाले. "तुम्ही जा सगळे. मंदा, तूसुद्धा जा. माझं काय, दोन घास खाऊन पडून राहीन." आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"नक्की ना, बाबा?"

"नक्की म्हणजे काय, अगदी नक्की."

ऋता थांबली. गेल्या दोन दिवसांत ती बरंच शिकली होती. सासूजवळ सरकून तिने हळूच विचारलं, "आई, तिसऱ्यांदा विचारू?"

मंदाकिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांना तो रविवार आठवला, आणि घास तोंडात असतानाच आलेला तो हो.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "ते सरळ बोलणारे आहेत. नको म्हणजे नको."

तेवढ्यात बेल वाजली. निघायच्या आदल्या दिवशी ये म्हटलं होतं, त्याप्रमाणे आया पिशवी घेऊन दारात हजर होती. मंदाकिनीबाईंना पाहून तिने आधी त्यांच्या हाताकडे नजर टाकली, बादली नाही याची खात्री केली आणि मग पलंगाकडे बोट दाखवून विचारलं, "हाँटते पारेन?"

"ना," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि आपली निळी सुटकेस भरायला गेल्या.