चाकांचे तीन पुरवठादार

आमच्या कारखान्यात माल कधीच अडणार नाही, अशी पक्की व्यवस्था मी एकट्याने केली होती! आम्ही व्हीलचेअर बनवतो आणि मी तिथला खरेदी अधिकारी. मागे एका पुरवठादाराने हात वर केले आणि काम पंधरा दिवस ठप्प झालं. म्हणून व्हीलचेअरच्या पुढच्या बाजूच्या दोन छोट्या चाकांसाठी मी तीन गावांतले तीन पुरवठादार धरले. साहेबांना छाती फुगवून म्हणालो, "एक बुडाला तर दुसरा, दुसरा बुडाला तर तिसरा!" त्याच जोशात स्टोअरच्या काकांना फर्मावलं, "जुना साठा आता कशाला? काढा भंगारात!"

"बरं," काका म्हणाले.

सोमवारी पहिल्याचा फोन. "साहेब, साचा फुटला! महिनाभर चाकं विसरा."

शुक्रवारी एका नव्या इस्पितळाला चाळीस व्हीलचेअर द्यायच्या होत्या. तरी मी शीळ घालतच दुसऱ्याला फोन लावला.

"अहो, मी कुठे चाकं बनवतो? त्या पहिल्याकडूनच तर घेतो!"

शीळ बंद. तिसऱ्याला लावला.

"दुसऱ्याकडे नाहीत? मग माझ्याकडे कुठून येणार? मी त्याच्याचकडून उचलतो!"

घ्या! गावं तीन, बिलं तीन आणि साचा एकच! मी भाव विचारला, मुदत विचारली. माल बनतो कुठे, एवढंच विचारायचं राहिलं.

घामाघूम होऊन स्टोअरमध्ये गेलो. "काका, माझी नोकरी गेली हो!"

काका उठले. बसायची उशी बाजूला केली, खालची चादर ओढली. चार खोकी!

"ओरडणार नसाल तर सांगतो," ते म्हणाले. "भंगारात टाकायला जीव होईना. चौऱ्याऐंशी चाकं आहेत."

लागणार होती ऐंशी! कामावर आरामात बसता म्हणून याच बैठकीवरून मी त्यांना दोनदा झापलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचे हात धरून म्हणालो, "काका, तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही!"

"आधी खोकी उचला," काका म्हणाले.

शुक्रवारी चाळीसही व्हीलचेअर गेल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं आणि काकांना पुढे केलं. "साहेब, यापुढे माझा सगळा भरवसा या माणसावर!"

काका ओशाळून हसले. "अहो, मी महिनाअखेरीस निवृत्त होतोय. निरोपाचा नारळ आणायचं काम तुमच्याकडेच आहे ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना पर्याय कोण?"

एकही धरला नव्हता हो!